जंगल, सोंड आणि वहाळ: कोकणातल्या एका मुक्कामाच्या पायपिटीची आखणी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. खेड-चिपळूण परिसरातले चार मित्र, एका दिवसाच्या भटकंतीचा चांगला सराव असलेले, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रसाळगडावरून सुमारगडमार्गे महिपतगडाकडे जाण्याचा बेत करीत आहेत. वाटेत एक मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी रानातून खाली उतरून पायथ्याचे वहाळ (ओढे) ओलांडायचे आणि गाडीरस्त्याला लागायचे, असे ठरले आहे. वाटाड्या न घेता फोनमधल्या नकाशावर चालायचे आहे आणि अंतर पाहता दीड दिवस पुरेल असा त्यांचा हिशेब आहे. कोणती तयारी करावी, असे त्यांनी विचारले आहे.

रांग आपण उत्तम निवडली आहे. खेड तालुक्यातले हे तीन गड एकाच डोंगरधारेवर आहेत, मध्ये दाट रान आहे, उघडे कातळ आहेत, धनगरवाडा आहे आणि दोन्ही अंगांना खोल उतरणारी खोरी आहेत. आखणी मात्र आपण किलोमीटरपासून सुरू केली आहे आणि ती तिथेच बदलायला हवी. कोकणच्या बाजूने सह्याद्रीत रात्र काढायची असेल, तर आधी मुक्कामाची जागा आणि तिथले पाणी नक्की करावे, त्या जागेवर दुपारी चारच्या आत पोहोचायचे असे धरून सकाळपर्यंत उलटा हिशेब मांडावा, आणि मग दुसऱ्या दिवशीचा शेवटचा वहाळ कोणत्या वेळी, कोणत्या ठिकाणी ओलांडायचा ते ठरवावे. या दोन गोष्टी पक्क्या झाल्या की मधली वाट थोडी लांबली तरी निभावते. त्या कच्च्या राहिल्या, तर अंतर कितीही कमी असले तरी उपयोग होत नाही.

पहिला बदल तारखेत करावा, असा माझा आग्रह आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कोकणातून मोसमी पाऊस नुकता परतत असतो, किंवा अजून परतलेलाही नसतो. या दिवसांत सकाळ लख्ख असते आणि दुपारी तीननंतर सह्याद्रीच्या माथ्यावर ढग उभे राहून विजांसह पाऊस पडतो. आपण त्या वेळी उघड्या धारेवर असाल. दुसरे कारण असे की पावसाळ्यात वाटा मोडतात. चार महिने कारवीची झुडपे आणि गवत माजते, त्यात जुनी वाट दोन हातांवर असली तरी दिसत नाही. गवत कापणारी, लाकूडफाट्याला जाणारी, गुरे नेणारी माणसे पुन्हा रानात जाऊ लागली की ती वाट मोकळी होते. ऑक्टोबरमध्ये ही सगळी माणसे भातकापणीत गुंतलेली असतात, त्यामुळे वाट मोकळी झालेली नसते आणि वाट दाखवायलाही कोणी सहज मिळत नाही. दिवाळी उलटू द्यावी. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ या रांगेसाठी सर्वांत चांगला आहे: रान अजून हिरवे असते, गडांवरच्या कातळात खोदलेल्या टाक्यांत पाणी असते, हवा कोरडी होऊ लागलेली असते. होळीच्या सुमारास पाणी आटते, ऊन चढते आणि वणवे लागू लागतात, म्हणून त्या काळात मुक्कामाचा बेत करू नये.

वाटांविषयी आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. या रानातल्या वाटा सरकारने बांधलेल्या नाहीत, त्या वापरामुळे जिवंत राहिलेल्या आहेत. धनगरवाड्यातून बाजाराला उतरणारी, एका वाडीतून दुसऱ्या वाडीत सोयरिकीला जाणारी, देवाच्या जत्रेला गड चढणारी माणसे होती, तोवर डोंगरातून खाली उतरणाऱ्या प्रत्येक सोंडेवर वाट होती. वाड्या मुंबईला गेल्या, गाडीरस्ते आले, आणि जुन्या वाटांपैकी कितीतरी दहा-पंधरा वर्षांत रानाने गिळल्या. फोनमधल्या नकाशावर दिसणारी वाट अशा एखाद्या मेलेल्या वाटेची खूण असू शकते. कोणी कधी त्या वाटेने गेले होते, एवढेच ती रेघ सांगते. या वर्षी तिथून जाता येते की नाही, हे ती सांगत नाही.

म्हणून वाटाड्या घ्यावा. निदान रसाळगड ते सुमारगड या टप्प्यासाठी तरी घ्यावाच, कारण या भागात ढोरवाटा फार फुटतात आणि त्यांतली प्रत्येक वाट पहिली दहा मिनिटे अगदी खरी वाटते. वाटाड्या निवडताना “वाट माहीत आहे का” असे विचारू नये, कारण कोकणातला माणूस पाहुण्याला सहसा नाही म्हणत नाही. “या पावसानंतर तुम्ही स्वतः त्या वाटेने गेला आहात का” आणि “मध्ये पाणी कुठे लागले” असे विचारावे. या दोन प्रश्नांची उत्तरे ठाम आली, तर तो माणूस आपल्याला हवा आहे. त्याचा दिवसाचा मोबदला आधीच मोकळेपणाने ठरवावा, त्याच्या परतीचा वेळ त्यात धरावा आणि त्याचे जेवण आपल्याबरोबर असावे. अंतर मात्र त्याला किलोमीटरमध्ये विचारू नये. सकाळी निघाल्यावर ऊन कुठे आलेले असताना तिथे पोहोचतो, असे विचारले तर उत्तर बरेच अचूक मिळते.

आता वेळेचा हिशेब. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी 1892 साली दिलेला नियम आजही जगभर वापरला जातो: सपाट अंतराला तासाला सुमारे पाच किलोमीटर आणि चढाच्या दर 600 मीटरला एक तास अधिक. हा नियम उघड्या डोंगरासाठी आणि तयारीच्या माणसासाठी आहे. पाठीवर मुक्कामाचे ओझे, कोकणातली दमट हवा, कारवीतून वाकून चालणे आणि दर फाट्यावर थांबून खात्री करणे, हे सगळे धरले तर त्या हिशेबातून आलेला आकडा किमान दीडपट करावा आणि दाट रानाच्या टप्प्यात दुप्पट करावा. चार जणांत जो सर्वांत सावकाश चालतो, त्याचा वेग हाच गटाचा वेग. तो माणूस दुसऱ्या क्रमांकावर चालावा, शेवटी नव्हे, म्हणजे तो मागे पडत आहे हे कोणाला सांगावे लागत नाही.

या रीतीने रसाळगड ते सुमारगड हा टप्पा चार-पाच तासांचा आणि सुमारगड ते महिपतगड हा तीन-चार तासांचा धरावा. त्यात सुमारगडाची अवघड चढण, गड पाहण्याचा वेळ, जेवण आणि महिपतगडावरून उतरण्याचे दोन-तीन तास मिळवले की दीड दिवसात एका मुक्कामाने तिन्ही गड करणे म्हणजे घाई करणे, हे आपल्याच लक्षात येईल. डिसेंबरमध्ये आपल्याकडे सूर्य साधारण सहाच्या सुमारास मावळतो आणि दाट रानात त्याच्या अर्धा-पाऊण तास आधीच पायाखालचे दिसेनासे होते. माझ्या मते दोन मुक्काम करावेत: पहिला रसाळगडावर, दुसरा महिपतगडावर. एकच रात्र हाताशी असेल, तर पहिल्या दिवशी दुपारपर्यंत रसाळगडावर पोहोचून तिथे मुक्काम करावा, दुसऱ्या दिवशी पहाटे उजेड फुटताच निघावे आणि सुमारगडाच्या माथ्यावर जाण्याचा मोह सोडून त्याच्या कुशीतून थेट महिपतगडाकडे वळावे. सकाळी अकरापर्यंत सुमारगडाच्या पायथ्याशी आला नाहीत, तर महिपतगड सोडून द्यावा आणि वाटाड्या दाखवील त्या सोंडेने जवळच्या वाडीत उतरावे. ही अकराची वेळ घरी बसून, शांतपणे, कागदावर लिहून ठेवावी, कारण डोंगरात असताना “अजून अर्धा तास बघू” हे वाक्य प्रत्येकाला पटते.

सुमारगडाबद्दल एवढे सांगतो की शेवटचा टप्पा कातळातला आहे आणि पाठीवर मोठी सॅक असताना तो करू नये. वर गुहेत महादेवाचे ठिकाण आहे, पाण्याची टाकी आहेत, पण चार जणांच्या मुक्कामासाठी मी तो गड निवडणार नाही. रात्री कोणाला त्रास झाला, तर अंधारात तो टप्पा उतरणे शक्य नाही. रसाळगडावर झोलाई देवीचे देऊळ आहे, पाणी आहे आणि गडाला लागून रसाळवाडीची वस्ती आहे. महिपतगडावर पारेश्वराचे देऊळ आहे. या गडाचा माथा सुमारे 120 एकरांचा आणि झाडीने भरलेला आहे, म्हणून गड चढला म्हणजे पोहोचलो असे तिथे होत नाही. दरवाज्यापासून देवळापर्यंतच्या रानातही माणसे भटकतात. महिपतगडाला उजेड असताना पोहोचायचे ते याच कारणासाठी. देवळात झोपायचे असेल तर खालच्या वाडीत आधी विचारावे, पादत्राणे, मांस-मच्छी आणि दारू यांबाबत गावाची रीत पाळावी आणि गावाने नको म्हटले तर वाद न घालता अंगणात किंवा वाडीत मुक्काम करावा. देवराईतले वाळके लाकूडसुद्धा जाळू नये. ती राई गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेली असते आणि तिच्याच सावलीत बहुधा गावाचा पाणवठा असतो.

आता ज्या गोष्टीमुळे या भागात माणसे खरोखर अडकतात तिच्याकडे येतो. सह्याद्रीची कोकणाकडची बाजू पायऱ्यांची आहे. लाव्हाचे थर एकावर एक बसून हा डोंगर झाला, त्यामुळे प्रत्येक कठीण थराच्या जागी कडा आहे आणि मऊ थराच्या जागी उतार आहे. वाहणारे पाणी या प्रत्येक कड्यावरून धबधबा होऊन पडते. वाट चुकलेला माणूस साहजिकच विचार करतो की पाणी गावाकडे जाते, तेव्हा ओहोळ धरून उतरावे. पहिली दोन-तीनशे मीटर उतरण सोपी असते, मग एक दहा फुटांची उडी येते, ती तो कशीबशी उतरतो, आणि पुढच्या वळणावर शंभर-दीडशे फुटांचा सरळ कडा समोर येतो. वरची उडी आता चढता येत नाही. ज्या बचावमोहिमांत रात्र जाते, त्यांतल्या अनेकांची सुरुवात अशी झालेली असते. म्हणून नियम एकच ठेवावा: वाट चुकली तर उतरायचे नाही, जिथे खात्रीची वाट शेवटची दिसली होती तिथवर चढून परत जायचे. उतरणे भागच असेल तर दोन ओहोळांमधली सोंड धरावी. सोंडेवरून दोन्ही बाजूंचे दिसते, जुन्या पाऊलवाटा बहुतेक सोंडेवरूनच काढलेल्या असतात आणि वाड्याही सोंडेच्या पायथ्याशी असतात. नाळेतून (कड्यांमधल्या अरुंद, उभ्या घळीतून) जाणाऱ्या घाटवाटा आहेत, पण त्या माहितीच्या माणसाबरोबर जाण्याच्या आहेत, चुकून सापडण्याच्या नाहीत.

हे घरी बसून समजून घ्यायचे असेल, तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे पाहावेत. ते विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. या नकाशांत समोच्च रेषा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) 20 मीटरच्या अंतराने असतात. ज्या जागी त्या एकमेकींना चिकटतात तो कडा, ज्या जागी त्या खालच्या दिशेला फुगून येतात ती सोंड आणि ज्या जागी वरच्या दिशेला आत शिरतात तो ओहोळ, एवढे वाचता आले तरी पुष्कळ आहे. जाण्याआधी एक संध्याकाळ चौघांनी मिळून या रांगेच्या सोंडा मोजाव्यात आणि प्रत्येक टप्प्याला सुटकेची एक सोंड व तिच्या पायथ्याची वाडी लिहून ठेवावी. फोनमधला नकाशा जरूर न्यावा, तो आधी उतरवून ठेवावा, फोन विमान मोडवर ठेवावा. पण कागदाची प्रत आणि होकायंत्र दोन वेगळ्या माणसांकडे असावे.

कोकणच्या बाजूचे एक वैशिष्ट्य आखणीत उपयोगी पडते. डोंगर पूर्वेला असल्यामुळे पायथ्याला आणि पश्चिमेच्या उतारावर सकाळचे ऊन उशिरा येते. साडेआठ-नऊपर्यंत सावलीत चढता येते, मात्र दवाने कातळ निसरडा असतो. दुपारनंतर तोच उतार सूर्यासमोर येतो आणि तापतो. चढ सकाळी उरकावा आणि धारेवरचे, वाऱ्यातले चालणे दुपारसाठी ठेवावे. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि तहान लागण्याआधीच शक्ती जाते. माणशी दिवसाला चार लिटर पाणी लागते असे धरावे, त्यातले निम्मे सकाळी निघताना पाठीवर असावे. मीठ-साखर किंवा आमसुलाचे पाणी बरोबर ठेवावे. कोणी अडखळू लागला, चिडचिड करू लागला किंवा घाम येणे थांबले, तर सावलीत झोपवून कपडे ओले करावेत, वारा घालावा आणि त्या दिवशीचे चालणे तिथेच संपवावे.

वाटेतले झरे कुठे असतील याचा अंदाज डोंगराच्या रचनेवरून येतो. लाव्हाच्या दोन थरांमध्ये अनेक ठिकाणी तांबड्या, घट्ट मातीचा पातळ थर असतो. वरच्या फुटीर खडकातून झिरपलेले पाणी त्याच्यावर अडते आणि कड्याच्या पोटाशी बाहेर पडते, म्हणून कड्याच्या तळाशी आडवी जाणारी वाट पाण्याजवळून जाण्याची शक्यता अधिक असते. पण डिसेंबरात वाहणारा झरा फेब्रुवारीत ओलसर डाग एवढाच उरतो. टाक्यातले पाणी वरून स्वच्छ दिसले तरी गाळून उकळावे. टाक्यात भांडी बुचकळू नयेत, साबण लावू नये. आपल्यामागून गुराखी आणि गुरे तेच पाणी पिणार आहेत.

वहाळ आणि नद्या यांबाबत सावकाश सांगतो, कारण नद्यांविषयीचे पुस्तकी सल्ले पुष्कळदा बर्फाच्या प्रदेशातले असतात. तिथे पहाटे पाणी कमी असते. आपल्याकडे घड्याळाचा संबंध नाही, संबंध आहे तो माथ्यावरच्या पावसाशी. सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्र जेमतेम 40 ते 60 किलोमीटर, त्यामुळे पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या आहेत. माथ्यावर ढग फुटला की खाली ऊन असतानाही पाणी अर्ध्या-एक तासात चढते. 22 जुलै 2021 रोजी चिपळुणात वाशिष्ठी नदीच्या पुराने आणि त्याच दिवसांत डोंगरातल्या दरडींनी काय केले, ते या भागातल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. वाशिष्ठीच्या खोऱ्यातून कधी जाणार असाल तर हेही लक्षात ठेवावे की कोयना जलविद्युत प्रकल्पाचे अवजल (वीज तयार झाल्यावर सोडलेले पाणी) कोळकेवाडीमार्गे तिच्यात येते. तिथली पातळी पाऊस नसतानाही वीजनिर्मितीबरोबर बदलते.

जे पाणी झटपट चढते तेच झटपट उतरते. लहान पाणलोटाचा वहाळ पाऊस थांबल्यावर काही तासांत ओलांडण्याजोगा होतो, म्हणून वाट पाहणे हाच या नद्यांवरचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. याच कारणाने एका वेळचे जास्तीचे खाणे आणि घरी सांगितलेल्या वेळेत अर्ध्या दिवसाची सूट ठेवावी. ज्याला उशीर झालेला असतो तोच फुगलेल्या पाण्यात पाय घालतो. ओलांडताना रुंद, पसरलेली, खडी-वाळूची जागा शोधावी. पाणी अरुंद घळीत जिथे शांत दिसते तिथे ते खोल असते. खाली कोंड (खोल डोह), धबधबा किंवा आडवी पडलेली झाडे असतील, त्याच्या वर कधीही उतरू नये. पाणी गुडघ्याच्या वर असेल आणि वेग असेल तर थांबावे. बूट काढू नयेत, सॅकचा कमरेचा पट्टा सोडावा, काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेकवून तोंड वरच्या बाजूला ठेवावे आणि एका वेळी एकच पाय हलवावा. चौघांनी एकमेकांच्या खांद्यांना धरून, सर्वांत वजनदार माणूस वरच्या बाजूला ठेवून, एका ओळीत जाणे अधिक सुरक्षित असते. कमरेला दोर बांधून पाण्यात उतरू नये, कारण पाय घसरला तर प्रवाह माणसाला दोराच्या टोकाशी पाण्याखाली दाबून धरतो. पाणी गढूळ होऊ लागले, पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा आवाज बदलला, तर मधल्या खडकावर थांबून विचार करू नये, जो काठ जवळ असेल त्यावर चढावे. मुक्काम वहाळाच्या पात्रात, सुक्या वाळूवरही करू नये.

खाली आल्यावर थकून कोंडात पोहण्याची इच्छा होते. वरच्या, वाडीतली मुले पोहतात अशा जागी ठीक आहे. जगबुडी आणि वाशिष्ठी या नद्यांच्या खालच्या, संथ पात्रात मगरी आहेत आणि तिथे पाण्यात उतरू नये. पायाला जखम असेल तर पावसाळ्याच्या शेवटी चिखलपाण्यात चालल्यावर ताप आल्यास डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे, म्हणजे लेप्टोची (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची) शक्यता लगेच तपासली जाते.

बिबट्याची भीती बहुतेकांना असते आणि फुरशाची, म्हणजे या भागातल्या लहान विषारी सापाची, नसते. खरे तर उलट असायला हवे. फुरसे हातभरही नसते, जांभ्याच्या आणि कातळाच्या रंगात मिसळते, दगडाखाली आणि पाचोळ्यात असते आणि रात्री फिरते. वेटोळे घालून खवले घासल्याचा आवाज आला तर जागीच थांबून मागे सरकावे. अंधारात विजेरीशिवाय चार पावलेही चालू नये, दगड-लाकूड उचलताना हाताने नव्हे तर काठीने आधी हलवावे, बूट सकाळी झटकून घालावेत. सापाने दंश केल्यास कापू नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. अंगठी, घड्याळ काढावे, तो अवयव हाड मोडल्यासारखा फळी बांधून स्थिर ठेवावा आणि माणसाला न चालवता उचलून न्यावे. फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि लक्षणे उशिरा दिसू शकतात, म्हणून “काही होत नाही” असे वाटले तरी रुग्णालयात जायचेच. या भागासाठी कळंबणीचे उपजिल्हा रुग्णालय आणि चिपळूणच्या बाजूला कामथ्याचे उपजिल्हा रुग्णालय यांचे रस्ते आधी पाहून ठेवावेत आणि निघण्याआधी तिथे प्रतिविष उपलब्ध असल्याची फोनवर चौकशी करावी.

लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कोकणात, विशेषतः मुले, मोठ्या संख्येने दगावत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, 1986 साली ते काम ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर चित्र बदलले. विंचवाच्या दंशानंतर दरदरून घाम, उलटी, हातपाय थंड पडणे यांतले काही दिसले तर ते दुखण्यापुरते नाही असे समजून तातडीने रुग्णालय गाठावे. आग्या मोहोळ कड्यांना आणि बुरुजांना लटकलेले असते. अत्तर लावून, धूर करून किंवा आरडाओरड करत गडावर जाऊ नये. माश्या उठल्याच तर हात न झाडता तोंड झाकून दूर पळावे. डिसेंबरनंतर खाजकुयलीच्या शेंगा पिकतात. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब पँट एवढ्यासाठीही हवी. कुसे लागलीच तर चोळू नये, चिकटपट्टीने उचलून काढावीत.

सामानाबद्दल फार लिहीत नाही. सॅकचे वजन आपल्या वजनाच्या एक पंचमांशाच्या पुढे जाऊ देऊ नये. प्रत्येकाकडे डोक्याला लावायची विजेरी, शिट्टी आणि एक कोरडा कपड्यांचा जोड प्लास्टिकमध्ये बांधलेला असावा. सहा शिट्ट्या एका मिनिटात, मग एक मिनिट शांतता, ही गिर्यारोहणातली रूढ संकटाची खूण आहे. एसटीतून गॅसची टाकी नेता येत नाही, म्हणून न शिजवता खाता येईल असे अन्न घ्यावे: पहिल्या दिवशी तांदळाची भाकरी आणि लसणीची चटणी, मग दशम्या, पोहे, गूळ-शेंगदाणे, सुके खोबरे. रसाळवाडीत सांगून ठेवले तर रात्रीचा भात-आमटी मिळू शकते आणि पैसाही त्या वाडीत राहतो. रानात शेकोटी करू नये. वाळलेल्या गवताच्या दिवसांत एका ठिणगीने अख्खी सोंड जळते.

परवानगीचा प्रश्न या रांगेत वनखात्याच्या स्थानिक वनरक्षकाकडे विचारून सुटतो. पण उद्या चोरवणे गावाहून नागेश्वरच्या गुहेकडे आणि वासोटा किल्ल्याकडे जाण्याचे मनात आले, तर तो प्रदेश वेगळा आहे हे ध्यानात घ्यावे. माथ्यावर कोयना अभयारण्य आहे, 2010 पासून ते चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, तिथे वनखात्याची परवानगी लागते आणि आत रात्री राहता येत नाही. त्या वाटेचा मुक्काम कोकणच्या पायथ्यालाच धरावा.

निघण्याच्या आदल्या दिवशी एक कागद तयार करावा. त्यावर चौघांची नावे व रक्तगट, कोणत्या वाडीतून चढणार आणि कोणत्या वाडीत उतरणार, दोन्ही दिवसांच्या माघारीच्या वेळा, वाटाड्याचे नाव आणि सुटकेच्या सोंडा लिहाव्यात. एक प्रत घरच्या अशा माणसाकडे द्यावी जो घाबरून लगेच फोन करणार नाही आणि भिडेपोटी उशीरही करणार नाही. दुसरी चढाईच्या गावातल्या पोलीस पाटलांकडे द्यावी. अमुक वेळेपर्यंत निरोप आला नाही तर 112 वर कळवावे आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरशी संपर्क साधावा, असे त्या कागदावर स्पष्ट असावे. ती वेळ परतीच्या अपेक्षित वेळेनंतर बारा तासांची ठेवावी, म्हणजे फुगलेल्या वहाळाच्या काठी एक रात्र थांबण्याची मोकळीक आपल्याला राहते. आणि खाली उतरून पहिल्यांदा रेंज मिळाली की चहाच्या आधी दोन्ही ठिकाणी पोहोचल्याचा निरोप द्यावा.